गाठोडं सुटलं, अक्षरं अडकली

मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याला मालवणच्या घरी तार करायची असली, की आधी शब्द मोजावे लागत. आकार शब्दांवर ठरे, म्हणून जमेल तेवढं गाळायचं. शुभेच्छांच्या तारांसाठी मात्र तारखात्याने वेगळी सोय केली होती. दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतलं यश अशा प्रसंगांची ठरीव वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक होता. मुंबईचा तारबाबू नुसता क्रमांक पाठवायचा. पलीकडचा बाबू आपल्याकडची यादी बघून पूर्ण वाक्य उतरवायचा आणि पोस्टमन ते घरपोच करायचा. लांबलचक वाक्य एका आकड्यात बसून मालवणला पोचत असे, कारण यादी दोन्ही टोकांना सारखीच होती आणि पोस्टात गेलेल्या कोणालाही ती पाहता येत होती.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधीच हीच युक्ती संगणकात शिरून कोकणात येऊन पोचली होती. फाइल 'झिप' करायची, फ्लॉपीत किंवा मेलमध्ये टाकायची, पलीकडच्याने ती उघडायची. अट जुनीच: आवळण्याची रीत दोन्हीकडे ठाऊक हवी. वैयक्तिक संगणकावर फाइली आवळण्याचा इतिहास म्हणजे ही रीत कोणाच्या मालकीची, या भांडणाचा इतिहास आहे. मराठी मजकुराच्या वाट्याला त्या भांडणाचं अर्धंच फळ आलं. गाठोड्याची गाठ सुटली, पण आतली अक्षरं अडकून राहिली.

हायफा, मिलवॉकी आणि एक खटला

१९५१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याने प्राध्यापक रॉबर्ट फानो यांच्या वर्गासाठी निबंध म्हणून एक प्रश्न सोडवला. पुढच्या वर्षी तो छापून आला. कल्पना साधी: मजकुरात जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला लांब. एकूण बेरीज आपोआप कमी होते. हफमनने दाखवलं ते हे, की असे संकेत कमीत कमी लांबीचे बनवायचे कसे.

दुसरी पायरी १९७७ साली आली. इस्राएलमधल्या हायफाच्या टेक्निऑन संस्थेतले अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी अक्षरांऐवजी पुनरावृत्तीकडे पाहिलं. एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. 'सिंधुदुर्ग जिल्हा', 'सभासदांच्या ठेवी', 'मागील वर्षीच्या तुलनेत' हे शब्द पानोपानी येतात. पहिल्यांदा येतील तेव्हा ते पूर्ण लिहायचे. पुन्हा आले की नुसती खूण करायची: एवढी चिन्हं मागे जा आणि तिथून एवढी उचल. उघडणारा प्रोग्राम मजकूर क्रमाने उतरवत जातो, त्यामुळे मागचं त्याच्यासमोर असतंच. वेगळी यादी पाठवावी लागत नाही, मजकूर स्वतःच स्वतःची यादी होतो. पुढच्याच वर्षी दोघांनी दुसरी रीत मांडली. १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी ती सुधारली आणि ती 'एलझेडडब्ल्यू' या नावाने पसरली. तिच्यावर स्पेरी कंपनीचं पेटंट होतं. स्पेरी आणि बरोज यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या युनिसिसकडे ते गेलं.

या गणिताचा घरगुती संगणकांवर उपयोग सुरू झाला तो टेलिफोनच्या बिलामुळे. त्या काळी अमेरिकेत हौशी लोक घरातून 'बुलेटिन बोर्ड' चालवत. कोणीही मोडेमने फोन लावून त्यांच्या संगणकावरून फाइली उतरवून घ्यायचा. फाइल जितकी मोठी तितका कॉल लांब. न्यू जर्सीच्या 'सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स' या छोट्या कंपनीने १९८५ मध्ये 'आर्क' हा प्रोग्राम आणला. अनेक फाइली एकत्र बांधायच्या आणि आवळायच्या, ही दोन्ही कामं तो एकदम करायचा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या फिल काट्झ या तरुणाने तेच काम कितीतरी वेगाने करणारा 'पीकेआर्क' लिहिला आणि लोक तिकडे वळले.

१९८८ मध्ये मूळ कंपनीने काट्झवर खटला भरला. आपला कोड उचलला, असा तिचा आरोप होता. त्याच वर्षी तडजोड झाली आणि काट्झला आर्कच्या रूपातले प्रोग्राम सोडून द्यावे लागले. त्याने नवी मांडणी तयार केली. १९८९ च्या सुरुवातीला 'पीकेझिप' बाहेर पडला. त्याच्यासोबत एक साधी मजकुराची फाइल होती. झिप फाइलीत कुठे काय असतं, कोणत्या जागी कोणता आकडा, सगळं तिच्यात लिहिलेलं होतं. ही मांडणी कोणीही वापरावी, असं काट्झने जाहीर करून टाकलं. प्रोग्राम विकायचा होता. रीत मात्र सगळ्यांची होती.

याचं मोल पुढच्या पाच वर्षांत कळलं. १९९३ च्या पीकेझिप २ मध्ये 'डिफ्लेट' ही रीत स्थिरावली. तिच्यात १९७७ ची मागे जाऊन उचलण्याची युक्ती आणि हफमनचे आखूड संकेत एकत्र आले आणि वेल्चच्या पेटंटची वाट टळली. १९९४ च्या डिसेंबरात युनिसिसच्या पेटंटपोटी 'जिफ' चित्रांसाठी पैसे मोजावे लागणार हे जाहीर झालं, तेव्हा जगभर ओरड झाली. त्यातून उभं राहिलेलं 'पीएनजी' चित्रांचं रूप डिफ्लेटवरच बांधलेलं आहे. १९९२ च्या 'जीझिप'मधून आणि पुढे 'झेडलिब'मधून जाँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी झिपची विद्या फुकट वाटली. निको मॅक यांचा 'विनझिप' १९९१ पासून विंडोजवर आला. रशियाच्या युजीन रोशल यांचा 'रार' १९९३ चा, तर इगोर पाव्हलोव्ह यांचा 'सेव्हन-झिप' १९९९ चा. रार अनेकदा झिपहून जास्त आवळायचा, पण त्याची बांधणारी रीत रोशल यांनी स्वतःकडे ठेवली. म्हणून विंडोजने २००० च्या सुमारास आपल्या पोटात घेतली ती झिप.

काट्झला पैसा मिळाला, स्वस्थता मिळाली नाही. दारूने त्याला पोखरलं आणि १४ एप्रिल २००० रोजी, ३७ व्या वर्षी, मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मरण पावला. त्याच्या नावाची आद्याक्षरं, 'पी' आणि 'के', सर्वसाधारण झिप फाइलीच्या पहिल्या दोन बाइटांत आजही असतात.

पाटीवरचा 'डीटीपी'

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला. पुढच्या दशकात मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारपेठांत खिळे जुळवणारे छापखाने मागे पडत गेले आणि दुकानांच्या पाटीवर 'डीटीपी' ही तीन अक्षरं आली. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशावताराची आणि जत्रेची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंक, सगळं पेजमेकर नाही तर कोरल ड्रॉमध्ये जुळायला लागलं.

जुळणी मालवणात झाली तरी मोठी छपाई बऱ्याचदा घाटावर, कोल्हापूर किंवा बेळगावला. म्हणजे काम फोंडाघाट, करूळ किंवा आंबोली चढून जायचं. पावसाळ्यात दरड आली की तेही अडायचं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, पण ती मालवणला येत नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग नाहीतर कणकवलीला उतरून पुढे एसटी धरावी लागते. तेव्हा फाइलीही एसटीनेच जात. बातमीदार बातमीचं पाकीट जसं कंडक्टरच्या हाती देत, तसंच फ्लॉपीचं पाकीट द्यायचं आणि पलीकडच्याला फोन करून गाडीची वेळ सांगायची.

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. ए-फोर आकाराचा एक रंगीत कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर न आवळलेली फाइल २५ एमबीच्या आसपास जाते. म्हणजे एका पानाला १८ फ्लॉप्या. हेच पान पांढऱ्यावर काळ्या रेघांचं केलं तर मुळात एक एमबीच्या आसपास भरतं आणि आवळल्यावर त्याचाही किरकोळ भागच उरतो, कारण कोरा कागद म्हणजे एकच गोष्ट हजारो वेळा. जुळारी हे गणित शिकले ते पुस्तकातून नाही, फ्लॉपी भरल्याच्या सूचनेतून. जेपीईजी फोटो झिप केला तर काहीच वाचत नाही, तो आधीच आवळलेला असतो, हेही तसंच कळलं.

काम एका फ्लॉपीत मावलं नाही, तर झिपचे तुकडे करून ते दोन-चार फ्लॉप्यांवर टाकता येत. सोय होती आणि धास्तीही. किनाऱ्याच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते, आणि चारांतली एक वाचली गेली नाही की पूर्ण काम गेलं. झिपमधल्या प्रत्येक फाइलीसोबत ३२ बिटांचा एक पडताळा-आकडा असतो. उघडताना तो जुळला नाही की पडद्यावर 'सीआरसी एरर' उमटायचं. फाइल बिघडल्याचं तो निक्षून सांगतो, पण दुरुस्त करून देत नाही.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ पासून लोकांना इंटरनेट दिलं ते आधी मोठ्या शहरांत. किनाऱ्यावर ते रुजायला आणखी काही वर्षं लागली. ३३.६ केबीपीएस मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी १० एमबीच्या फाइलीला ४० मिनिटांहून जास्त लागणार, आणि तेवढा वेळ फोन अडकलेला. हॉटमेलची फुकट पेटी २ एमबीची होती. जीमेलने १ एप्रिल २००४ ला एक जीबी जागा देईपर्यंत 'झिप करून पाठव' हा उपदेश नव्हता, नाइलाज होता. त्यातही झिपची एक खोड नडायची. आतल्या फाइलींची अनुक्रमणिका झिपच्या शेवटी असते. लाइन ९५ टक्क्यांवर तुटली की अनुक्रमणिकाच हाती येत नसे, आणि उतरवलेल्या ९५ टक्क्यांतलं साध्या मार्गाने काहीही उघडत नसे. काट्झनेच त्यासाठी 'पीकेझिपफिक्स' नावाचं अवजार दिलं होतं. ते तुकडे चाचपडत जमेल तेवढं वाचवायचं.

उघडलं, पण वाचता येईना

इतकं सगळं पार करून झिप घाटावर पोचली, सुटली, फाइल उघडली आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि चौकोनांचा सडा दिसला, हा अनुभव त्या काळच्या प्रत्येक जुळाऱ्याच्या ओळखीचा आहे. "फाँट पाठवला नाही का?" हा प्रश्न मग घाटावरून फोनवर इकडे यायचा.

यामागचं कारण झिपमध्ये नव्हतं. देवनागरीसाठी प्रमाण संकेत देशाने केला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलं आणि 'इस्की' हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक ठरला. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला एक बाइट. पण पेजमेकर आणि कोरल ड्रॉ यांना इस्की ठाऊक नव्हता. त्यांना कळायचा तो फक्त इंग्रजीसाठी बनवलेला फाँट. म्हणून भारतीय कंपन्यांनी पळवाट काढली: इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. पाऊण 'क', काना, रफार, वेलांटी, जोडाक्षरांचे अर्धे भाग. फाइलीत साठायचे ते इंग्रजी घरांचे क्रमांक, आणि फाँट असेल तरच त्यांचं मराठी दिसायचं.

कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरची आकृती, शिवाय 'शिवाजी', 'कृतिदेव' असे हातोहात फिरणारे फाँट. एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात वाचता येईना. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असल्यामुळे शब्द शोधणं आणि अकारविल्हे लावणं अवघड होऊन बसे. अनेक पॅकेजं संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या 'लॉक'सोबत मिळत. लॉक नाही तर लिपी नाही.

कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी हे केलं नसतं तर नव्वदच्या दशकात मराठी दिवाळी अंक पडद्यावर जुळलेच नसते. कला त्यांची होती आणि पोटही त्यावरच होतं. पण काट्झने प्रोग्राम विकताना रीत मोकळी ठेवली होती. इथे अक्षरांची रीतच मालाचा भाग झाली. मग जुळारी झिपमध्ये मजकुरासोबत फाँटची फाइलही कोंबू लागले. परवान्याचं बघायला सवड कोणाला होती!

तीन बाइटांचं अक्षर

यावरचा इलाज त्याच काळात तयार होत होता. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये इस्कीच्या पायावर रचलेली देवनागरी होती. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड साठवण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत आखली. विंडोज २००० मध्ये देवनागरी खऱ्या अर्थाने आली आणि तिच्यासोबत 'मंगल' फाँट. तो रेखला होता मराठी सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी. मंगल असो वा दुसरा कोणताही युनिकोड फाँट, आतला संकेत तोच. फाँट बदला, अक्षर बदलत नाही.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. 'मालवण' या शब्दात पाच चिन्हं आहेत: म, काना, ल, व, ण. इस्कीत ती पाच बाइटांत बसतात, यूटीएफ-८ मध्ये पंधरा. 'सिंधुदुर्ग'ची दहा चिन्हं तीस बाइट घेतात. मराठीवर हा अन्याय वाटतो आणि उघड्या फाइलीत तो आहेही. पण त्या तीन बाइटांतला पहिला कायम एकच असतो आणि दुसरा दोघांपैकी एक. माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्यात असते. एवढी पुनरावृत्ती म्हणजे झिव्ह-लेंपेल आणि हफमनच्या रीतीला आयतं जेवण. मोठा मराठी मजकूर झिप केला की तिपटीचा बराचसा भार उतरतो. मालकी नसलेल्या दोन रिती, एक आवळण्याची आणि एक अक्षरांची, अशा एकमेकींच्या कामी आल्या.

फाइलींच्या नावांपर्यंत मात्र हे उशिरा पोचलं. झिपच्या मूळ मांडणीत नावांसाठी आयबीएम पीसीचा २५६ चिन्हांचा जुना संच गृहीत होता. नावं यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण करण्याची सोय अधिकृत मांडणीत २००६ मध्ये आली. विंडोज एक्सपीतली झिप तर मराठी नावाची फाइल घ्यायलाच नकार द्यायची. आजही अनेक जुळारी फाइलींना इंग्रजी लिपीत नावं देतात ते या जुन्या चटक्यामुळे.

न दिसणारी झिप

आता झिप करण्याचं काम माणसाच्या हातून गेलं आहे, कारण ते सगळीकडे आपोआप होतं. २००७ पासूनच्या वर्डची 'डॉक्स' फाइल ही झिप आहे. एक्सेलची नवी फाइल, अँड्रॉइडचं अ‍ॅप, ई-पब पुस्तक, सगळ्या झिपच. त्यांची नावं बदलून शेवटी 'झिप' लावा, उघडतील. पीडीएफच्या आतही सहसा डिफ्लेटच असतो. आंबा-काजूच्या बागेचा सातबारा पीडीएफमध्ये उतरवून घेणारा शेतकरी लेंपेल, झिव्ह आणि काट्झ यांची विद्या बिनबोभाट वापरत असतो. उघडउघड झिप दिसते ती आधारच्या 'ऑफलाइन ई-केवायसी'त. तिथे मिळणारी फाइल चार अक्षरांच्या शेअर कोडने कुलूपबंद केलेली झिप असते.

म्हणून जुन्या पेट्यांकडे पाहण्याची ही वेळ आहे. जिल्ह्यातल्या साप्ताहिकांच्या, छापखान्यांच्या, वाचनालयांच्या कपाटांत १९९० ते २००५ च्या सीड्या आणि फ्लॉप्या असणार. ज्या माध्यमाने दम धरला असेल त्यावरची झिप आज सुटेल, तीस वर्षांपूर्वीची असली तरी, कारण तिची रीत छापलेली आहे. आतला मजकूर मात्र त्या-त्या फाँटचा तक्ता असेल तरच मराठी होईल. स्वयंसेवकांनी काही लोकप्रिय फाँटांसाठी युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक लिहिले आहेत, तेही बहुतेक डोळ्यांनी घरं जुळवून. कमी चाललेले फाँट तसेच राहिले आहेत.

अशा एका फाँटचा तक्ता म्हणजे २५६ च्या आतल्या चिन्हांची यादी. दोन-तीन पानांत मावेल एवढी. तिचं बाजारमूल्य संपून वर्षं लोटली, पण तिच्यामागे एका पिढीचं मराठी लेखन अडकलं आहे: गावोगावच्या बातम्या, स्मरणिका, दशावतारावरचे लेख, दिवाळी अंकांतल्या कथा. ज्यांनी ते फाँट घडवले त्यांनी हे तक्ते मोकळे करावेत, आणि ज्यांच्याकडे सीड्या आहेत त्यांनी तोवर त्या उतरवून मजकूर आणि फाँट एकाच झिपमध्ये शेजारी ठेवावेत. परिवर्तक लिहायला माणसं मिळतील. पण यादी नसेल, तर कितीही हुशार माणूस त्या चौकोनांतून मराठी वाचू शकणार नाही.